चिंगीचे बाळंतपण

कोणत्याही संस्थेची स्मरणिका उघडली की इमारतींची उभारणी, निकालांची टक्केवारी, मान्यवरांच्या भेटी आणि यशस्वी विद्यार्थ्यांची नावे यांना तीत अग्रमान असतो, आणि तो असायलाच हवा. आपल्या संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून मी अनेक वर्षे काम केले. त्यामुळे संपादक मंडळाने मला ‘वसतिगृहातील संस्कार’ या विषयावर लिहिण्याची सूचना केली. संस्कार हा शब्द मोठा आहे. तो भाषणातून सांगता येतो, पण घडतो मात्र एखाद्या कामातून. असे एक काम २०१५ सालच्या मार्च आणि एप्रिल महिन्यांत आमच्या वाट्याला आले. ते होते एका लहानशा कुत्रीचे बाळंतपण. त्या वेळच्या मुली आता मोठ्या झाल्या आहेत. त्यांना हा प्रसंग आठवत असेलच. इतरांसाठी तो सविस्तर लिहिते, कारण त्यात काही उपयोगाची माहितीही आहे.

पांढऱ्या केसांची, टोकदार तोंडाची, ज्यांना आपल्याकडे सर्रास पॉमेरियन म्हणतात त्या जातीची ती कुत्री होती. वजन जेमतेम साडेपाच किलो. गळ्यात पट्ट्याचा वळ होता, पण पट्टा नव्हता. म्हणजे कुणीतरी पाळलेली होती आणि कुणीतरी सोडून दिलेली होती. चौकीदार काकांनी तिला फाटकाशी पाणी पाजले आणि ती तेथेच बसून राहिली. मुलींनी तिचे नाव चिंगी ठेवले. दोन दिवसांनी स्वयंपाकघरातील मावशींनी तिच्या पोटाकडे आणि ओघळलेल्या सडांकडे एकदा पाहिले आणि निर्णय दिला, “बाई, हे पोटुशी आहे.”

सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयात शिकून पशुवैद्यक झालेला आपल्याच संस्थेचा एक माजी विद्यार्थी शहरात स्वतःचा दवाखाना चालवत होता. चिंगीला आम्ही त्याच्याकडे नेले. सोनोग्राफीच्या पडद्यावर पिल्लांच्या हृदयाची फडफड दिसली. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा असतो आणि वाढीवरून साधारण एक महिना झाला असावा, असे त्याने सांगितले. तो दिवस १४ मार्चचा होता. आम्ही बोटांवर हिशेब केला तेव्हा तारीख येत होती १६ एप्रिल. म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या अगदी लगत.

डॉक्टरांनी दुसरीही बाजू आमच्यापुढे ठेवली. लहान चणीच्या कुत्रीचे पहिलेच वेत आहे, नर कोणता आणि केवढा होता हे ठाऊक नाही, पिल्लू अडण्याचा धोका आहे. आताच शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढून टाकता येते, त्यात पिल्ले राहत नाहीत. मात्र आईचा धोका टळतो आणि शहरातील बेवारस कुत्र्यांत भरही पडत नाही. हा पर्याय त्याने निर्दयपणे मांडला नव्हता. रस्त्यावर जन्मणाऱ्या पिल्लांचे पुढे काय होते, हे तो रोज पाहत होता.

हा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत गेला. खर्चाचा मुद्दा निघाला आणि तो खोटा नव्हता, कारण मुलींच्या जेवणाच्या अनुदानातून कुत्रीचे औषध आणणे योग्य नव्हतेच. मुलींच्या सुरक्षिततेचा मुद्दा निघाला, रेबीजचा निघाला. कुणी पहिल्या शीलाचा दाखला दिला, तर कुणी विचारले की, उद्या ही पिल्ले गाडीखाली मेली तर ते कोणत्या शीलात बसते? दोन्ही बाजूंना करुणाच होती, हे मला आजही महत्त्वाचे वाटते. त्या बैठकीला उपस्थित असलेल्या भन्तेजींनी बराच वेळ ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “पिल्ले जन्माला येऊ द्यायची असतील, तर रात्री जागणार कोण? आणि ती कुणाच्या घरी जाणार?”

चर्चेचा रोखच बदलला. आम्ही ठरविले की, पिल्ले जन्माला येऊ द्यायची, परंतु तीन अटींवर. खर्च शिक्षकांनी आणि इच्छुक पालकांनी वर्गणीतून करायचा, अनुदानाला हात लावायचा नाही. प्रत्येक पिल्लासाठी ते जन्मण्यापूर्वीच घर निश्चित करायचे. आणि पिल्ले दूध सोडताच चिंगीची नसबंदी करून घ्यायची. मुलींच्या जागरणाचे पाळीपत्रक मी करावे, असे ठरले. करुणेचा ठराव आणि कामाचे पाळीपत्रक एकाच कागदावर लिहिलेली ती आमची पहिलीच बैठक असावी.

मुलींना इतिहासाच्या तासाला सम्राट अशोक असतो. परीक्षेपुरते कलिंगयुद्ध आणि धम्मविजय एवढेच त्यांना ठाऊक असते. त्या आठवड्यात मी त्यांना अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाविषयी सांगितले. ज्या प्राण्यांना मारू नये त्यांची यादी त्या लेखात आहे, आणि त्यातच गाभण असलेल्या किंवा पिल्लांना दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी, तसेच सहा महिन्यांच्या आतील त्यांची पिल्ले यांना अभय दिलेले आहे. दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्याचे सांगितले आहे. आपल्या विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे सापडलेल्या प्राचीन शिलालेखातही प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केलेली आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या राजाने दगडावर कोरताना ‘सर्व प्राण्यांवर प्रेम करा’ एवढेच लिहून सोडले नाही. कोणता प्राणी, कोणत्या अवस्थेत, किती महिन्यांपर्यंत, असा तपशील दिला. सातवीतील एक मुलगी म्हणाली, “म्हणजे त्यांनीपण पाळीपत्रकच केलं होतं.” मला तिचे उत्तर पुस्तकातील उत्तरापेक्षा अधिक बरोबर वाटले.

मग तयारी सुरू झाली. चिंगीच्या नावाची एक शंभर पानी वही घातली. डॉक्टर सांगतील ते तीत लिहायचे आणि आम्ही करू तेही लिहायचे.

पहिला विषय आहाराचा. गर्भकाळाच्या पहिल्या महिन्यात कुत्रीला फारसे जास्त अन्न लागत नाही. पिल्ले खरी वाढतात ती शेवटच्या तीन आठवड्यांत. तेव्हा तिचा आहार हळूहळू वाढवत नेहमीच्या सव्वापट ते दीडपट करायचा, आणि पोटात जागा कमी उरल्याने तो दिवसातून चार वेळा थोडाथोडा द्यायचा. उकडलेले अंडे, मऊ भात, बिनमसाल्याचे कोंबडीचे मांस आणि पिल्लांसाठी मिळणारे कोरडे खाद्य, असे ठरले. येथे मावशींचा आणि डॉक्टरांचा पहिला सामना झाला. “बाळंतिणीले काय असं सपक खाऊ घालतेत का?” असे म्हणत मावशींनी तिच्यासाठी मनुका घातलेले डिंकाचे लाडू करायला घेतले होते. मनुका आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, कांदा-लसणाने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात आणि चॉकलेट तर विषच, हे आम्हा सगळ्यांनाच नवीन होते. वसतिगृहाच्या उरलेल्या वरण-भाजीत कांदा-लसूण असतोच. त्यामुळे खरकट्याची थाळी तिच्यापुढे सरकवणे त्या दिवसापासून बंद झाले. मावशींनी लाडू मुलींना वाटले आणि चिंगीचे अंडे स्वतः उकडू लागल्या.

दुसरी गोष्ट अधिक आश्चर्याची होती. एका पालकांनी आपुलकीने कॅल्शियमच्या औषधाची बाटली आणून दिली. डॉक्टरांनी ती बाजूला ठेवायला लावली. गरोदरपणी बाहेरून कॅल्शियम देत राहिले, तर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणण्याची शरीराची स्वतःची यंत्रणा सुस्तावते. पुढे पिल्ले जोरात दूध पिऊ लागली की रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरते आणि कुत्रीला थरथर, धाप व झटके येतात. गाईम्हशींच्या दुग्धज्वराच्या जातीचाच हा विकार. लहान जातीच्या कुत्र्यांत तो विशेषकरून आढळतो आणि तातडीने उपचार न मिळाल्यास जीव घेतो. चांगल्या हेतूने दिलेली वस्तू नेमकी उलटी कशी पडते, याचा इतका स्वच्छ नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

जंत गर्भातून आणि दुधातून पिल्लांत उतरतात, म्हणून डॉक्टरांनी गरोदरपणी चालणारे जंतनाशक ठरलेल्या दिवशी दिले. मुलींसाठीही नियम केले. पाळीवर असलेल्या दोघींखेरीज कुणी चिंगीला हात लावायचा नाही, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि चावा किंवा ओरखडा झाल्यास तो लपवायचा नाही. लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे साबणाने धुऊन दवाखान्यात जायचे. हा शेवटचा नियम मी रोज प्रार्थनेनंतर म्हणवून घेत असे.

मार्चअखेर शाळेच्या शिपायांनी संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांच्या फळ्या काढून अडीच फूट लांब आणि दोन फूट रुंद असे खोके तयार केले. पुढची बाजू ठेंगणी ठेवली, म्हणजे आईला सहज ये-जा करता येईल, पण पिल्लू बाहेर लोळणार नाही. आत चारही भिंतींना तळापासून तीन इंचांवर प्लॅस्टिकच्या नळीचा कठडा बसविला. आई भिंतीला टेकून झोपली तरी मागे अडकलेले पिल्लू चिरडू नये, म्हणून ही युक्ती असते. तळाला वर्तमानपत्रे, त्यावर धुतलेल्या जुन्या सुती चादरी. जिन्याखालच्या शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात खोके ठेवले आणि बाळंतपणाच्या दोन आठवडे आधीपासून चिंगीला तेथे झोपायची सवय लावली. जागा तिला आपली वाटली नाही, तर ती ऐनवेळी पलंगाखाली किंवा सरपणाच्या ढिगात जाऊन पिल्ले घालते.

नागपूरच्या एप्रिलचा विचार वेगळा करावा लागला. नवजात पिल्लांना पहिल्या आठवड्यात स्वतःच्या शरीराची उष्णता राखता येत नाही. त्यांच्या जागेचे तापमान पंच्याऐंशी ते नव्वद अंश फॅरनहाइट असावे लागते. थंड प्रदेशांत त्यासाठी दिवे लावतात. आमच्याकडे पारा दुपारी चाळीस अंश सेल्सियसच्या वर जात होता, म्हणजे धोका उलट दिशेचा होता. कूलरचा झोत मात्र थेट अंगावर घ्यायचा नव्हता, कारण ओल्या वाऱ्याने पिल्लू गारठते. म्हणून कूलर व्हरांड्यात, वाळ्याची ताटी खिडकीला आणि खोक्यात एक साधा तापमापक, अशी रचना केली. पिल्ले एकमेकांवर चढून घट्ट बसली तर त्यांना थंडी वाजते आहे, आणि पसरून ओरडू लागली तर उकडते आहे, एवढी खूण मुलींना पुरेशी होती.

एका डब्यात सामान भरले. स्वच्छ टॉवेल, उकळलेली कात्री, उकळलेला जाड दोरा, आयोडीनचे औषध, हातमोजे, अंकी थर्मामीटर, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकाचा काटा, वीज गेल्यास बॅटरी आणि पिल्लांसाठी मिळणारी दूधभुकटी. डब्याच्या झाकणावर डॉक्टरांचा आणि ओळखीच्या ऑटोवाल्यांचा क्रमांक चिकटवला. १४ एप्रिलला सरकारी सुटी असते, दवाखाने बंद असतात आणि रस्ते मिरवणुकांनी भरलेले असतात, म्हणून दोघांशीही आधीच बोलून ठेवले.

९ एप्रिलला एक्स-रे काढला. पंचावन्न दिवसांनंतर पिल्लांचे सांगाडे स्पष्ट दिसतात. डॉक्टरांनी एकेक कवटी आणि कणा मोजून सांगितले की, पिल्ले तीन आहेत. वहीत मोठ्या अक्षरांत ‘३’ लिहिले गेले. या आकड्याचे मोल तेव्हा आम्हाला कळले नव्हते.

त्याच दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तिचे तापमान मोजणे सुरू झाले. कुत्रीचे शरीर एरवी एकशे एक ते साडेएकशे दोन अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असते. प्रसूतीपूर्वी गर्भ टिकवून ठेवणारे संप्रेरक ओसरते आणि तापमान नव्याण्णवच्या खाली घसरते. त्यानंतर साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. आम्हाला मीलनाची तारीख ठाऊक नव्हती, म्हणून आमचे खरे पंचांग म्हणजे ते थर्मामीटरच होते. नोंदी ठेवायचे काम गडचिरोलीकडच्या एका मुलीने मागून घेतले होते. सातवीत होती, अबोल होती. तिचे अक्षर आणि आकडे मात्र छापल्यासारखे येत.

१३ एप्रिलच्या संध्याकाळी तिने वही माझ्यापुढे धरली. सकाळी शंभर पूर्णांक चार, संध्याकाळी अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. चिंगीने दुपारचे अन्न सोडले होते आणि ती चादर पंजांनी उकरत होती.

१३ एप्रिलच्या मध्यरात्री नागपुरात काय असते, हे वाचकांना सांगायला नको. बाराच्या ठोक्याला साऱ्या वस्त्या उजळतात, फटाके, ढोल-ताशे आणि जयघोष यांनी शहर दुमदुमते. एरवी भेदरट असलेली आणि कळा लागलेली कुत्री अशा आवाजाने बाळंतपण थांबवू शकते. मुलींनी आठवडाभर आधीच आपली सभा घेऊन ठरविले होते की, यंदा आवारात फटाके नाहीत, मेणबत्त्या लावायच्या. त्यांच्यातील चौघी शिक्षकांसह शेजारच्या वस्तीतील मंडळाकडे गेल्या आणि आतषबाजी चौकाच्या पलीकडच्या बाजूला करावी, अशी विनंती करून आल्या. तरुणांनी आधी थोडी थट्टा केली, पण शब्द पाळला. त्या रात्री पांढऱ्या गणवेशातील मुली बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्त्या घेऊन उभ्या होत्या आणि जिन्याखाली एक जीव धापा टाकत होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे रक्षण करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आम्ही दरवर्षी म्हणतो. त्या रात्री तिच्यातील ‘रक्षण’ हा शब्द मला वेगळा ऐकू आला.

त्या संध्याकाळच्या वंदनेनंतर भन्तेजींनी मुलींना अंगुलिमाल सुत्ताची कथा सांगितली होती. बहुतेकांना अंगुलिमाल ठाऊक असतो तो बोटांच्या माळेपुरता. पण मज्झिम निकायातील त्या सुत्तात पुढचा भाग आहे. भिक्षू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो, तेथे त्याला प्रसूतीत अडलेली, वेदनेने तळमळणारी एक स्त्री दिसते. तो परत येऊन भगवंतांना ते सांगतो. भगवंत त्याला तिच्याकडे पुन्हा पाठवितात आणि आर्य जीवनात जन्म घेतल्यापासून आपण जाणूनबुजून जीवहिंसा केलेली नाही, या सत्याच्या बळावर तिचे कल्याण इच्छिण्यास सांगतात. माता आणि बालक सुखरूप राहतात. श्रीलंका, म्यानमार यांसारख्या देशांत गरोदर स्त्रियांसाठी आजही त्याचे परित्तपठण होते. सत्याच्या सामर्थ्याविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मी वसतिगृह सांभाळणारी बाई. माझे लक्ष गेले ते त्या भिक्षूने केलेल्या तीन साध्या गोष्टींकडे. त्याने दुःख पाहिले आणि नजर वळवली नाही. काय करावे ते ठाऊक नव्हते, म्हणून जाणत्याला विचारले. आणि विचारून स्वस्थ बसला नाही, तर तिच्याकडे परत गेला.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पहिले पिल्लू आले. पहिलटकरीण चिंगी पातळ पिशवी फाडण्याऐवजी गोंधळून पाहत राहिली. डॉक्टरांनी शिकविल्याप्रमाणे मी पिशवी फाडली, नाकातोंडातील चिकटा पुसला आणि टॉवेलने अंग चोळले. पिल्लू किंचाळले, तशी ती त्याला चाटू लागली. नाळ पोटापासून इंचभर अंतरावर दोऱ्याने बांधून कापली आणि टोक आयोडीनमध्ये बुडविले. वजन एकशे चाळीस ग्रॅम. सहा वाजता दुसरे आले, मागच्या पायांकडून. मुली घाबरल्या, पण कुत्र्यांत दहांपैकी चार पिल्ले अशीच येतात, हे वहीत लिहिलेले होते. वजन एकशे बत्तीस ग्रॅम. दोघेही सडाला लागली. पहिल्या दिवसाचा चीक हेच त्यांचे रोगांपासूनचे संरक्षण, म्हणून दोघांनीही तो प्यायल्याची नोंद झाली.

त्यानंतर चिंगी शांत पडून राहिली. पिल्ले पीत होती, तिचे डोळे मिटत होते. पाहणाऱ्याला वाटावे की, सारे आटोपले. मावशी चहा ठेवायला गेल्यादेखील. गडचिरोलीची ती मुलगी मात्र वही घेऊन तेथेच बसून होती. साडेसातला चिंगीने दोन-तीन वेळा क्षीण जोर केला आणि पुन्हा थांबली. बरोबर आठ वाजता ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, दोन तास झाले. आणि एक्स-रेत तीन आहेत.”

जोरकस कळा येऊनही वीस ते तीस मिनिटांत पिल्लू आले नाही, किंवा आत पिल्लू असूनही दोन तास मध्ये गेले, तर वाट पाहू नये, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर होता. मी फोन केला. डॉक्टर दवाखाना उघडून वाट पाहत होते. निळी टोपी घातलेले ऑटोवाले काका मिरवणुकीच्या तयारीतून उठून आले आणि गल्लीबोळांतून पंचवीस मिनिटांत त्यांनी आम्हाला पोहोचविले. पिल्ले टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या मांडीवर, चिंगी खोक्यात.

तिसऱ्या पिल्लाची मान एका बाजूला वळून ते अडकले होते आणि गर्भाशय थकले होते. शस्त्रक्रियेची तयारी ठेवून डॉक्टरांनी हलक्या हाताने मान सरळ केली आणि पिल्लू काढले. ते तिघांत मोठे होते, एकशे ऐंशी ग्रॅमचे. त्याने श्वास घेतला नाही. डॉक्टर दहा मिनिटे त्याला चोळत होते, नळीने श्वासमार्ग साफ करत होते. मग त्यांनी हात थांबविले. म्हणाले, “बाई, हे आत आणखी राहिलं असतं तर आईही गेली असती. दोन झाली म्हणून सगळे निश्चिंत होतात, आणि तिसरं दुसऱ्या दिवशी वास आल्यावर कळतं.”

परत आल्यावर आवारातील कडुनिंबाखाली मुलींनी खड्डा केला. कुणी मोठ्याने रडले नाही. करणीयमेत्त सुत्तात मैत्रीची भावना जन्मलेल्यांसाठी आहे, तशीच जन्माच्या वाटेवर असलेल्यांसाठीही आहे, याची आठवण भन्तेजींनी करून दिली आणि सर्वांनी ते सुत्त म्हटले. नंतर ती मुलगी माझ्यासोबत मागे राहिली. तिची आई पावसाळ्यात घरीच बाळंत झाली होती, नदीला पूर होता, बाळ गेले होते. “तारीख कोणी लिहून ठेवली नव्हती, मॅडम,” एवढेच ती म्हणाली. मी तिला समजूत घालणारे काही बोलले नाही. वही तिच्याकडेच राहू दिली.

पुढचे आठवडे वजनाचे होते. नवजात पिल्लाचे वजन रोज पाच ते दहा टक्क्यांनी वाढावे आणि जन्मवजनाच्या दुपटीला आठ-दहा दिवसांत पोहोचावे. वजन थांबले तर आजार दिसण्यापूर्वीच तो कळतो. आमची दोघे दहाव्या दिवशी दुपटीच्या पुढे गेली, बाराव्या दिवशी डोळे उघडले. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात चिंगीची चाल, थरथर आणि धाप यांवर नजर ठेवायची होती, तीही ठेवली. मेच्या आरंभी उन्हाळी सुटीसाठी मुली गावोगाव गेल्या. ज्यांच्या गावी फोन लागत नसे, त्यांना मी दर आठवड्याला पिल्लांच्या वजनाचे पोस्टकार्ड टाकत असे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आठ आठवडे पूर्ण झाल्यावर, पहिली लस घेऊन दोन्ही पिल्ले दोन पालकांच्या घरी गेली. घरे आधीच ठरलेली होती. तिसऱ्या कुटुंबाला मी स्वतः जाऊन सांगून आले. जुलैमध्ये चिंगीची नसबंदी झाली. नंतर अनेक वर्षे ती फाटकाशी चौकीदार काकांच्या खुर्चीखाली झोपत असे. वही ठेवणारी ती मुलगी पुढे परिचर्येचे शिक्षण घेऊन आता प्रसूतिकक्षात काम करते. तिच्या कर्तृत्वाचे श्रेय एका कुत्रीला देणे अन्यायाचे होईल. ते तिचे आणि तिच्या आईचे आहे. पण आठ वाजता वही घेऊन उठण्याची सवय तिला त्या पहाटे लागली, असे मला वाटते.

आता माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. घरात कुत्री असेल आणि तिची पिल्ले सांभाळण्याची, त्यांना घरे मिळवून देण्याची तयारी नसेल, तर वेळीच नसबंदी करून घ्या. त्यात क्रौर्य नाही. पिल्ले होऊ देणारच असाल, तर लसीकरण आधी, डॉक्टरांची भेट पहिल्याच महिन्यात, एक्स-रे पंचावन्न दिवसांनंतर, आणि घड्याळ व वही उशाशी असू द्या. आणि कंटाळा आला म्हणून पट्टा काढून कुणालाही रस्त्यावर सोडू नका.

आपल्या संस्थेतून शिकून गेलेले पशुवैद्यक, परिचारिका, दाई-प्रशिक्षक आणि डॉक्टर आज विदर्भभर आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस वसतिगृहात येऊन मुलामुलींना जनावरांच्या आणि माणसांच्या बाळंतपणाविषयी, लसीकरणाविषयी आणि प्रथमोपचाराविषयी सांगावे. कार्यालयात नाव नोंदविल्यास दिवस ठरवून कळविण्यात येईल. चिंगीची वही ग्रंथालयात ठेवलेली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांना ग्रंथपालांकडे ती मागता येईल.